भाजलेल्या पिठाची आंबील

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला नाही सांगितलं, आईला ती जाईपर्यंत नाही सांगितलं, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय — का? तर तुम्ही आमच्या घरातले नाही. माझ्या हातचं जेवलेले नाही. एवढं कारण मला पुरतं.

आणि आधीच सांगून ठेवते. वाचता वाचता तुम्हाला माझी दया येत असेल तर ती आवरा. मला ती नको आहे, आणि ती माझ्या वाट्याची नाहीही.

सुरुवात कुठून करू? लोक जिथून करतात तिथूनच करते. माझ्या हाताला चव आहे म्हणतात. तेरच्या पुढं, तेरणेच्या काठानं जी आमची गावं आहेत तिथं विचारा — अमक्याची लेक, धाराशिवला शाळेत शिकवते ती, तिची आंबील प्यालाय का? लोक हो म्हणतील. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आली की भावकीतून फोन सुरू होतात, "ताई, यंदा यायलाव ना? तुमच्या आंबिलीबिगर येळवस न्हाय." मग शाळेतल्या बायका म्हणतात, तुम्ही मनापासून करता हो. प्रेम ओतता. स्वयंपाक म्हणजे शेवटी प्रेमच, नाही का?

नाही.

हे वाक्य मला सहन होत नाही. हे बहुतेक अशी माणसं बोलतात ज्यांना मागची भांडी घासावी लागत नाहीत. आमच्या आईला विचारलं असतं कुणी, की बाई गं, तू का रांधतेस? तिनं विचारणाऱ्याकडं येड्यासारखं बघितलं असतं. भूक लागती म्हणून. आणखी कशाला? तिला रांधायची हौस नव्हती, कधीच नव्हती. दिवसभर रानात, संध्याकाळी चार भाकरी थापायच्या, डाळीचं पाणी करायचं, मीठ कधी कमी कधी जास्त. आम्ही पोरं तेच खाऊन मोठी झालो. आण्णा — माझे वडील — मान खाली घालून जेवायचे आणि उठायचे. बरं झालंय म्हणायचे नाहीत, वाईट झालंय म्हणायचे नाहीत. मला वाटायचं, माणसं जेवतात ती अशीच.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

तिच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते तिच्या बाजूनं ऐकू नका, माझ्या बाजूनं ऐका, म्हणजे माझा स्वभाव कळेल. ती सातवी पास. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात, घरात कशाला, आमच्या अख्ख्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पोरगं नाही, पोरगी नाही. रोज एसटीनं उस्मानाबादला जायचे — धाराशिवला तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो — आणि रोज परत यायचे. गर्दीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, नाहीतर उभं. वर्ग संपला की प्रयोगशाळा, मग स्टँडवर धूळ. मला माझा गर्व होता. आजही आहे. तो मी फुकट मिळवलेला नाही.

आणि ही बाई घरात आली नि पहिल्याच आठवड्यात आण्णांनी ताटावरून मान वर केली.

मी समोरच बसले होते. साधं वरण होतं, लसणाची फोडणी दिलेलं. आण्णांनी भाकरी मोडली, घास घेतला, आणि हात ताटावर तसाच ठेवला. म्हणाले, "लई दिसानं जेवलो." एवढंच. आई हसली, म्हणाली, "मग इतकी वर्सं काय उपाशी व्हतात व्हय?" सगळे हसले. मी नाही हसले. बारावीला मला फर्स्ट क्लास मिळाला होता तेव्हा आण्णा म्हणाले होते, "बरं झालं." तेसुद्धा बैलांना पाणी दाखवत.

हे कारण पुरेसं आहे का? एका माणसाचा द्वेष करायला? तुम्ही ठरवा. मला तेव्हा पुरलं.

वहिनी सास्तूरची. सास्तूर म्हटल्यावर आमच्याकडं पुढचं विचारत नाहीत, त्र्याण्णवच्या भूकंपात कोण कोण गेलं एवढंच विचारतात. तिचं सगळं घर गेलं — आई, बाप, आज्जी, पाळण्यातला भाऊ. ती आठ वर्षांची होती. त्या रात्री तिचा मामा शेतात वस्तीला निघाला होता, हिनं संगं यायचा हट्ट धरला, म्हणून त्याच्याबरोबर तीही वाचली. मामानंच वाढवली. तो तेव्हा बिनलग्नाचा होता, मामी नंतर आली. आईचा एक फोटोसुद्धा तिच्याकडं नव्हता. दगडांखाली जे गेलं ते गेलं.

राहिली ती एक आंबील.

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवतात, लसूण-जिरं-मिरची घालतात, मातीच्या बिंदगीत रातभर आंबवतात आणि येळवशीच्या दिवशी ती बिंदगी डोक्यावर घेऊन रानात जातात. त्या अमावास्येला आमच्याकडची गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची खोप करतात, खोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना चुना लावतात. पहिली आंबील त्यांना, दुसरी पिकात शिंपडायची, तिसरी पाहुण्यांना. मग भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला रान नाही त्याला बोलावून जेवू घालतात. त्या दिवशी ज्या घरची आंबील चांगली, त्या घराचं नाव वर्षभर निघतं.

वहिनीची आंबील वेगळी होती. ती ताकात घालायच्या आधी पीठ कोरडंच तव्यावर भाजायची. मंद आचेवर, फडक्यानं हलवत हलवत, खमंग वास सुटेपर्यंत. आमच्याकडं असं कुणी करत नाही. पहिल्या वर्षी आई म्हणालीसुद्धा, "आगं, भाकरी भाजायची असती, पीठ न्हाय." पण आंबील प्याल्यावर आईनं परत वाटी पुढं केली, आणि आण्णांनी तीनदा मागून घेतली. त्या साली माझ्या कॉलेजच्या एक मॅडम रानात आल्या होत्या. मी बोलावलं होतं. माझं घर, माझं रान दाखवायला. त्यांनी वहिनीला जवळ बसवून विचारलं, कसं करता हो? दिवसभर त्या तिच्यापाशीच बसल्या. जाताना मला म्हणाल्या, तुझी वहिनी म्हणजे रत्न आहे गं.

मी म्हणाले, हो मॅडम.

आता हे ऐका, कारण यावरच सगळं उभं आहे. वहिनी मला मैत्रीण समजायची. आम्ही एका वयाच्या. पीठ भाजताना मला चुलीपाशी बोलवायची आणि बोलत राहायची. तिची आई पीठ भाजताना बांगड्या कोपरापर्यंत सारायची. एका हातानं हलवायची, दुसऱ्यानं डोळे पुसायची, धुरामुळं. एवढंच तिला दिसायचं. तोंड दिसायचं नाही. हात दिसायचे, तवा दिसायचा. आणि मग ती हमखास विचारायची — "वन्सं, आठ वर्साच्या पोरीला कितीक आठवणार वो? का म्याच मनानं रचलंय? भाजत असंल का माझी आय खरंच?"

तिला खात्री नव्हती. समजलं का तुम्हाला? दर वर्षी ती आंबील करायची आणि दर वर्षी तिला माहीत नसायचं, की ही आईची आहे का आपण बनवलेली. ती माणसांना जेवू घालत नव्हती, ती विचारत होती. मेलेल्या माणसाला चुलीवरून विचारत होती. आणि उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस जगात उरला होता — मामा. त्यानं आपल्या बहिणीच्या हातची आंबील प्यालेली होती. पण भूकंपानंतर त्यानं येळवस सोडली होती. कुणी बोलावलं तरी जायचा नाही. त्याच्यापुढं तो विषय काढायची हिंमत तिला कधी झाली नव्हती.

माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा आण्णा स्वतः सास्तूरला गेले आणि त्याला येळवशीचं आवतन देऊन आले. आणि तो हो म्हणाला.

ते कळलं तेव्हा वहिनी चुलीपुढं बसली होती. पदर तोंडात धरला तिनं. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. नवी बिंदगी आणली, ज्वारी निवडून घरच्या जात्यावर दळली. आण्णा तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या आयची आंबील मामाला पाजायची बरं का यंदा." मला वाटलं, माझी परीक्षा आहे महिन्यावर. कुणी विचारलं का?

तर आता ते.

आमच्याकडं एक पितळेची हंडी होती, कल्हई उडालेली. कल्हईवाला बरेच दिवस फिरकला नव्हता म्हणून माळ्यावर टाकलेली. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं. हिरवट होतं, तोंडात धरवत नाही, पोटात मळमळतं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर त्याचं समीकरण मांडता येत होतं. आम्ल, तांबं, क्षार. परीक्षेत आलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते.

येळवशीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला वहिनी गोठ्यात धार काढायला गेली होती. आई शेजारी उंड्यांचं पीठ आणायला. मी बिंदगीतली आंबील हंडीत ओतली, हंडी माळ्यावर ठेवली, रिकाम्या बिंदगीला फडकं बांधून ती जागेवर ठेवली. सकाळी सगळे अंघोळीच्या गडबडीत असताना परत बिंदगीत ओतली. फडकं मीच बांधलं. म्हणाले, वहिनी, तुम्ही साडी नेसा, मी बांधते. ती म्हणाली, "बघा, वन्संचा किती जीव हाय माझ्यावर."

रागाच्या भरात केलं असं म्हणू नका. राग एका संध्याकाळी येतो, सकाळपर्यंत उतरतो. मी ओतली संध्याकाळी आणि परत भरली सकाळी. मधे झोपले. चांगली झोप लागली मला.

रानात ऊन पडलं होतं. शाळू पोटऱ्यात होता, हरभरा गुडघ्याएवढा. मामा बांधावरून आला — उंच, वाळलेला, नवं धोतर. वहिनी खोपीत होती, म्हणून तांब्या घेऊन मी पुढं गेले. पाणी पिऊन तो माझ्याशी दोन वाक्यं बोलला. ती मी थोड्या वेळानं सांगते. ती सांगायलाच तर बसलेय, पण आत्ता हात पुढं जात नाही.

पूजा झाली. पांडवांना पहिली आंबील वाहिली गेली. दादानं पिकातून शिंपडली, पोरं मागून ओरडत पळाली. म्हणजे देवाला आणि काळ्या आईला मी आधीच पाजली होती. मग मामाला मानानं मधे बसवलं. वहिनीनं वाटी भरली, दोन्ही हातांनी पुढं केली आणि तशीच उभी राहिली. पदराचं टोक मुठीत. तिनं काही विचारलं नाही. सगळ्यांना कळत होतं ती काय विचारतेय.

मामानं घोट घेतला.

तो थुंकला नाही. हे मला विसरता येत नाही — तो थुंकला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो घोट गिळला. तिच्याकडं बघत गिळला. म्हणाला, "बरी हाय, पोरी. बरी हाय." दुसरा घोट घेतला, तोही गिळला, आणि मग उठून लांब बांधापलीकडं गेला. ओकाऱ्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तोवर पोरांनी तोंडातलं टाकलं होतं. माझा चुलता म्हणाला, "आंबील केलीया का भांडी घासलेलं पाणी आणलंय गं?" बापे हसले. चुलतीनं मात्र हसता हसता म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्यानं — "ज्या घरावर दगड पडले त्या घरच्या हाताला कसला गुण यायलाय?" आण्णांनी बिंदगी उचलली आणि बांधाला ओतून दिली. वहिनी तिथंच उभी. रिकामी वाटी तिनं जमिनीवरून उचलली, पदरानं पुसली, परत पुसली.

मामा दुपारच्या एसटीनं गेला. थांब म्हटलं तरी थांबला नाही. तोंड दाखवायची लाज त्याला वाटली असावी — तिनं केलेलं आपल्या पोटात राहिलं नाही म्हणून. बघा, अशी माणसं असतात.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पुष्कळ घरांत नणंदा मीठ टाकतात, दूध नासवतात. पण संध्याकाळी आईनं विचारलं. आई रांधणारी नसली तरी मूर्ख नव्हती. म्हणाली, "पितळंत ठिवलीवतीस काय गं?" वहिनी म्हणाली, "न्हाय वो आत्याबाई, बिंदगीतच व्हती, वन्संनी सोता फडकं बांधलंय." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी भ्याले. हे लिहिताना मला त्या कृत्यापेक्षा याची लाज जास्त वाटते — मी भ्याले. आणि भ्यालेली शिकलेली माणसं जे करतात ते मी केलं. समजावून सांगितलं. मी म्हणाले, पीठ भाजल्यामुळं झालं असणार. भाजल्यावर पिठातले घटक बदलतात, मग ताकातल्या आम्लाशी त्यांची रिॲक्शन होते. थंडीच्या दिवसांत जास्त होते. गेली दोन वर्षं नशिबानं झालं नाही, यंदा झालं. इंग्रजी शब्द घातले दोन-तीन. एकही वाक्य खरं नव्हतं.

आण्णांनी शांतपणे ऐकलं. मग आईला म्हणाले, "पोरगी शिकलीया. तिला कळतंय त्यातलं."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी तीन वर्षं एसटीत उभी राहिले होते. मिळालं, ते असं मिळालं. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग हा.

वहिनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझी आय भाजत न्हवतीच. मलाच उलटं ध्यानात राह्यलं." आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तुम्ही लहान होता, वहिनी. लहानपणीचं काय खरं असतं?"

आता मामाची ती दोन वाक्यं.

सकाळी बांधावर, तांब्या परत देताना, तोंड पुसत तो मला म्हणाला होता — "आमची आक्का आंबिलीचं पीठ भाजून घ्यायची बघा, साऱ्या सास्तुरात ती एकलीच. आमच्या पोरीला त्यातलं काय ध्यानात हाय का, ते बघायला आलोय."

कळलं? माझ्याकडं उत्तर होतं. तिचं जन्माचं उत्तर, पूजेच्या आधी, माझ्या हातात आलं होतं. बिंदगी तिथंच खोपीत होती. एक लाथ मारायची होती. पाय लागला म्हटलं असतं, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, आणि मामानं तोंडानंच सांगितलं असतं तिला, जेवता जेवता, की होय पोरी, भाजायची. ते मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. मी खोपीपर्यंत गेलेसुद्धा. आणि तिथं उभी राहून मी काय विचार केला माहीत आहे? की म्हणजे ती बरोबर होती. सातवी पास, आणि बरोबर होती. मी बाजूला सरकले आणि पत्रावळ्या मांडायला लागले.

संध्याकाळी ती "मलाच उलटं ध्यानात राह्यलं" म्हणाली तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. मामानं आंबील गिळली तसं. फरक एवढाच, की माझ्या पोटात ते राहिलं. छान राहिलं.

मामा पुढच्या पावसाळ्यात गेला. वहिनी मातीला जाऊन आली. येळवशीनंतर तो आमच्याकडं आलाच नाही आणि हीसुद्धा लाजेपायी माहेरी गेली नव्हती. भेट झाली ती मेलेल्याचीच. मामीला विचारून उपयोग नव्हता, ती भूकंपानंतरची. आता जगात ते वाक्य फक्त माझ्यापाशी आहे.

वहिनीनं त्यानंतर आंबील केली नाही. बाकी सगळं करते — भाकरी, कालवण, माणसांचं, गड्यांचं, आलं-गेलं. चांगलंच करते. पण कुणी चांगलं झालंय म्हटलं की मान हलवते आणि दुसरं काही काम काढते. पुढच्या येळवशीला आई म्हणाली, आता आंबील कोण करणार? मी म्हणाले, मी.

तर विचारा मला आता, बाई, तू का रांधतेस? प्रेमानं? आठवणीनं? मी जागा धरायला रांधते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. दुसऱ्याची जागा होती, तिला उठवलं, रुमाल टाकला, आणि तो दर वर्षी टाकावा लागतो, नाहीतर कुणीतरी येऊन बसेल. लग्न होऊन धाराशिवला गेले, नोकरी लागली, दोन पोरं झाली. येळवस एकदाही चुकवली नाही. पोर तापानं फणफणलं होतं तेव्हासुद्धा आले. लोक म्हणाले, माहेराची किती ओढ आहे! मी चांगली रांधायला शिकले, खोटं कशाला बोलू. द्वेषानंही हाताला चव येते. लक्ष लागतं. मीठ कधी चुकत नाही. आण्णा शेवटच्या दुखण्यात माझ्याच हातची आंबील मागायचे, आणि मी वाटी घेऊन बसले की वहिनी खोलीबाहेर जायची. मुद्दाम नाही. जागा करून द्यायला.

मला ती अजून आवडत नाही. हे वाचून तुम्हाला वाटेल, एवढं सगळं कळलं तर आता तरी हिचं मन पाघळलं असेल. नाही पाघळलं. तिचा सोशिकपणा मला आजही टोचतो. ती एकदा तरी माझ्यावर ओरडली असती तर मला ती आवडली असती कदाचित. हे तिच्यावर ढकलत नाही. फक्त खरं सांगतेय.

गेल्या येळवशीची गोष्ट. वहिनीची लेक ऋतुजा, यंदा कॉलेजला गेली. तीही धाराशिवला, एसटीनंच. माझ्यावर तिचा जीव आहे, आत्यासारखं व्हायचंय म्हणते. म्हणाली, आत्या, यंदा आंबील मी करणार, तुम्ही शिकवा. आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघी चुलीपाशी. तिनं फोन उंबऱ्याला टेकवून ठेवलेला, सगळं टिपून घ्यायला. मी ताक घुसळत होते. पोरीनं काय केलं, तवा चुलीवर ठेवला. म्हणाली, "आत्या, फोनवर एक बाई पीठ आधी भाजून घेतात. लई खमंग लागतंय म्हणं. भाजू का?"

वहिनी लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

तिनं माझ्याकडं बघितलं. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याआधी. पोरीसमोर लाजत लाजत, हसल्यासारखं करत म्हणाली, "वन्सं, तुमी शिकलेल्या. ते काय म्हणत व्हता तवा, रियाक्शन... ती नक्की हुतीच का वो?" आणि मग, तव्याकडं बघत, "माझी आय भाजत असंल का?"

इतक्या वर्षांनी. तोच प्रश्न, तोच आवाज. आण्णा नव्हते, आई नव्हती, चुलता नव्हता. भ्यायला कुणी उरलं नव्हतं. ते वाक्य माझ्यापाशी होतं, शब्दन् शब्द, मामाच्या आवाजासकट. मी चाळिशी गाठलेली बाई, माझं काय जाणार होतं? पोरगी माझ्याकडं बघत होती. आत्यासारखं व्हायचंय म्हणणारी.

मी रवी थांबवली नाही. म्हणाले, "नसतील भाजत, वहिनी. तुम्ही लहान होता."

ती "व्हय, ते बी खरंच" म्हणाली. पदर हाताला गुंडाळून तिनं तापलेला तवा चुलीवरून खाली घेतला, भिंतीला टेकवून ठेवला. मग परातीतलं पीठ, कच्चं, पांढरं, माझ्यापुढं सरकवलं आणि लेकीला म्हणाली, "आत्या सांगत्यात तसं कर. त्यांच्या हाताला गुण हाय."

मी ते ताकात कालवलं. गुठळी एक होऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी रानात सगळे म्हणाले, आंबील झकास झालीय. झालीच होती.